मोखाड्याच्या पोराला फुटबॉलचा कोच व्हायचं असेल, तर रस्ता नेमका कुठे अडतो?

१४ डिसेंबर २०२५. वानखेडेवर लिओनेल मेस्सी आला. क्रिकेटच्या शहरात, क्रिकेटच्या मैदानावर फुटबॉलच्या नावाने लोक ओरडत होते. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पात निवडलेली १३ वर्षांखालची ६० पोरं मैदानात उतरली. ३० मुलगे, ३० मुली. पाच वर्षांची शिष्यवृत्ती, चांगलं प्रशिक्षण आणि पुढे कधीतरी वर्ल्डकपचं स्वप्न. ते फोटो तुमच्याही फोनवर आले असतील.

पोरांची निवड कशी झाली, कुठल्या जिल्ह्यातून किती आली, यावर बोलणारे भरपूर होते. आणि बोलायलाच हवं. पण या सगळ्यात एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. या पोरांना शिकवणारा माणूस कुठून येतो? त्याला कोण निवडतं, आणि काय बघून निवडतं?

वानखेडेपासून मोखाडा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले घाटमाथ्याचे तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या दर दहा माणसांतली नऊ आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. बातम्यांत ही नावं येतात ती कुपोषणाच्या, पाणीटंचाईच्या नाहीतर झोळीतून दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणीच्या. खेळाच्या पानावर आलीच तर ‘दुर्गम भागातला हिरा’ अशा मथळ्याखाली. म्हणजे तिथला माणूस बातमीत येणार तो सापडलेला खेळाडू म्हणून. सापडवणारा म्हणून, शिकवणारा म्हणून नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोच कोण आहे याने काय फरक पडतो? शिकवता आलं म्हणजे झालं. बरोबर आहे. पण जगातल्या दोन सगळ्यांत श्रीमंत लीगमध्ये याच प्रश्नावरून नियम झाले, दंड झाले, कोर्टकचेरी झाली. आधी ती गोष्ट बघू, मग मोखाड्याला परत येऊ.

मुलाखतीला तरी बोलवा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नाही. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं, असा तो खेळ. त्याची लीग म्हणजे एनएफएल. तिथल्या खेळाडूंत कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या निम्म्याहून जास्त, पण मुख्य कोच मात्र जवळजवळ सगळे गोरे.

२००१ चा हंगाम संपला तेव्हा दोन कृष्णवर्णीय कोच घरी गेले. टोनी डंजींचा संघ जिंकलेल्या सामन्यांच्या हिशोबात हरलेल्यांपेक्षा पुढे होता, तरी टॅम्पा बेने त्यांना काढलं. मिनेसोटाच्या डेनिस ग्रीन यांना दहा वर्षांत पहिल्यांदा वाईट हंगाम गेला आणि त्यांनाही निरोप मिळाला. मग जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या दोन वकिलांनी २००२ मध्ये एक अहवाल काढला. सार असं, की कृष्णवर्णीय कोच जास्त सामने जिंकून देतात, पण त्यांना नोकरी सगळ्यांत शेवटी मिळते आणि सगळ्यांत आधी जाते.

त्यातून २००३ मध्ये ‘रूनी नियम’ आला. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे मालक डॅन रूनी यांचं नाव त्याला पडलं. नियम साधा होता. मुख्य कोचची जागा रिकामी झाली की मुलाखतीला किमान एक उमेदवार अल्पसंख्याक समाजातला हवा. नोकरी त्यालाच द्या असं नाही. फक्त बोलवा, ऐकून घ्या. त्याच वर्षी डेट्रॉइट लायन्स संघाने आधीच ठरवलेल्या माणसाला थेट कोच केलं आणि लीगने त्यांच्या अधिकाऱ्याला २ लाख डॉलरचा दंड ठोकला. २००७ मध्ये रूनींच्याच संघाने माइक टॉमलिन या कृष्णवर्णीय तरुण कोचला नेमलं आणि दोन वर्षांत त्याने सुपर बोल जिंकून दिला.

इथवर गोष्ट गोड आहे. पण नियम कागदावर पाळायचा आणि मनात पाळायचा नाही, ही कला फक्त आपल्या सरकारी कार्यालयांची नाही.

१ फेब्रुवारी २०२२ ला ब्रायन फ्लोरेस नावाच्या कोचने एनएफएलवर खटला भरला. त्याची न्यूयॉर्क जायंट्स संघाकडे मुलाखत व्हायची होती. तीन दिवस आधी त्याच्या फोनवर त्याचे जुने बॉस बिल बेलिचिक यांचा अभिनंदनाचा मेसेज आला. म्हणजे काम झालं की काय? त्याने विचारलं, तुम्हाला ब्रायन फ्लोरेस म्हणायचंय की ब्रायन डेबॉल? तेव्हा बेलिचिक यांच्या लक्षात आलं की मेसेज चुकीच्या ब्रायनला गेलाय. नोकरी गोऱ्या ब्रायन डेबॉलला मिळाली. फ्लोरेसचं म्हणणं असं, की माझी मुलाखत ठरली तेव्हाच निकाल लागलेला होता, मला फक्त नियमाची चौकट भरायला बोलावलं. जायंट्सने हा आरोप फेटाळला. पण ‘जाहिरात निघाली तेव्हाच माणूस ठरलेला होता’ हे वाक्य आपल्यातल्या किती जणांनी संस्थेच्या भरतीत ऐकलंय, ते आठवून बघा.

२०२० मध्ये एनएफएलने एक जरा वेगळा नियम आणला होता, आणि माझ्या मते तो मूळ नियमापेक्षा हुशार आहे. तुमच्याकडे तयार झालेला अल्पसंख्याक कोच दुसऱ्या संघाने मुख्य कोच म्हणून नेला, तर नवे खेळाडू निवडताना तुम्हाला जादा संधी मिळते. म्हणजे माणूस नेमणाऱ्याबरोबर माणूस घडवणाऱ्यालाही फायदा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्लंडचे तीन आकडे

आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे येऊ. इंग्लंडमध्ये ‘ब्लॅक फुटबॉलर्स पार्टनरशिप’ या गटाने २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. प्रीमियर लीगमधले ४३ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय. कोचिंगचं सर्वोच्च लायसन्स मिळवलेल्यांत कृष्णवर्णीय १४ टक्के. आणि प्रत्यक्ष मॅनेजरच्या कामावर असलेल्यांत? ४.४ टक्के.

हे तीन आकडे एका रांगेत ठेवून बघा. ४३, १४, ४.४. खेळाडूपासून लायसन्सपर्यंत येताना एक गळती आणि लायसन्सपासून नोकरीपर्यंत जाताना दुसरी. या दोन गळत्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. दुसरीला रूनी नियमासारखा उपाय चालतो, कारण माणूस शिकलेला, पात्र, दारात उभा आहे आणि दार उघडत नाहीये. पहिलीला तो चालत नाही. तिथे माणूस दारापर्यंत पोचलेलाच नाही.

इंग्लंडने ऑक्टोबर २०२० मध्ये एक संहिता केली. पुरुषांच्या क्लबांनी नव्याने नेमलेल्या कोचांपैकी २५ टक्के कृष्णवर्णीय, आशियाई किंवा मिश्र वंशाचे असावेत, असं उद्दिष्ट ठेवलं. पण ते ऐच्छिक होतं, आणि ऐच्छिक गोष्टीचं जे होतं ते झालं. बऱ्याच क्लबांनी सही केली, उद्दिष्ट मागे पडलं. मग तिथल्या फुटबॉल असोसिएशनने क्लबांना आपल्याकडच्या लोकांची आकडेवारी जाहीर करणं बंधनकारक केलं.

खालिद जमील आले, पुढे काय?

भारतात वंशाचा प्रश्न थेट त्या रूपात दिसत नाही, पण ‘कोच म्हणजे परदेशी’ हे समीकरण कितीतरी वर्षं पक्कं होतं. गंमत म्हणजे आपला सगळ्यांत मोठा कोच हैदराबादचा शिक्षक होता. सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण घेऊन आला. अजय देवगणचा ‘मैदान’ त्यांच्यावरच होता.

तरी २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा आठच्या आठ संघांचे मुख्य कोच परदेशी होते. गोव्यात झिको, चेन्नईत मातेराझी, मुंबईत पीटर रीड. लीगला नावं हवी होती, तिकिटं खपायला हवी होती, ते समजू शकतं. पण त्या वर्षी भारतीय कोचसाठी वरचा मजला बंद झाला आणि तो उघडायला सात वर्षं लागली.

उघडला तो मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाने. खालिद जमील. जन्म कुवेतचा, खेळले महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून. २००९ पासून सात वर्षं त्यांनी मुंबई एफसी सांभाळली. पैसा कमी, पण संघ वरच्या श्रेणीत टिकवला. २०१६ मध्ये ते तिथून गेले. पुढच्याच मोसमात त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. हा संघ आदल्या वर्षी खाली ढकलला गेला होता, त्याला परत घेतलं होतं. आणि मुंबई एफसी? त्याच मोसमात खाली गेली आणि क्लबच बंद पडला.

एवढं करून आयएसएलचं दार उघडलं का? लगेच नाही. २०२१ च्या सुरुवातीला नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी कोच काढला आणि खालिद यांना हंगामी म्हणून उभं केलं. त्यांनी संघ प्लेऑफमध्ये नेला, तेव्हा कुठे त्याच वर्षी ते कायम झाले. आयएसएलमधले पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य कोच. पुढे जमशेदपूर, आणि १ ऑगस्ट २०२५ ला थेट भारतीय संघाचं कोचपद. साव्हियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. सुरुवात झकास झाली, कॅफा नेशन्स कपमध्ये ओमानला हरवून तिसरा क्रमांक. मग सिंगापूरकडून घरच्या मैदानावर हार, ढाक्यात बांगलादेशकडून हार, २०२७ चा आशिया कप हुकला. लगेच सोशल मीडियावर सूर निघाला की भारतीय कोचला जमतच नाही. आता जरा मागे जा. इगोर स्टिमॅच यांच्या काळात २०२४ मध्ये वर्ल्डकप पात्रता हुकली. मार्केझ यांच्या काळात तर सामने जिंकणंच अवघड झालं होतं. तेव्हा ‘क्रोएशियन कोच नको’ किंवा ‘स्पॅनिश माणसांना जमत नाही’ असं कुणी म्हणालं? त्यांचं अपयश त्यांच्या एकट्याचं होतं. खालिद यांचं अपयश मात्र सगळ्या भारतीय कोचांच्या खात्यावर पडलं. कुठल्याही गटातून पहिला गेलेल्या माणसाला हा जादा भार उचलावाच लागतो. मोखाड्याचा पहिला कोच जेव्हा कुठे जाईल, तेव्हा त्यालाही तो चुकणार नाही.

आणि ‘भारतीय कोच’ म्हणताना कुठला भारतीय, हेही बघायला हवं. मिझोराम आणि मणिपूर ही राज्यं लोकसंख्येने चिमुकली, पण भारतीय फुटबॉलला खेळाडू पुरवण्यात कुणाला ऐकत नाहीत. तिथले मुख्य कोच मात्र बोटांवर मोजावे लागतात. मणिपूरच्या थांगबोई सिंटो यांनी शिलाँग लाजाँग आणि पुढे हैदराबाद एफसी सांभाळली, अशी नावं आहेत, पण थोडी. खेळाडू डोंगरातले, कोच शहरातले. इंग्लंडच्या आकड्यांची आठवण येते, फक्त आपल्याकडे असे आकडे जाहीर करायला क्लबांना कुणी सांगत नाही.

आता मोखाड्याच्या पोराचं बघू

समजा, खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा १९ वर्षांचा मुलगा आहे. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकला. दिवाळीनंतर घरची माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. तो चांगला खेळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धाकट्या पोरांना गोळा करून खेळवणं त्याला आवडतं आणि पोरं त्याचं ऐकतात. कोचिंगमधली निम्मी लढाई तीच असते. त्याला फुटबॉलचा कोच व्हायचंय.

भारतात कोचिंगच्या लायसन्सची शिडी आहे. तळाला डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यांत वर प्रो. डी लायसन्सचा कोर्स सहा दिवसांचा, वयाची अट १८ पूर्ण. ऐकायला सोपं वाटतं.

पहिली अडचण, कोर्स आहे हे कळणं. माहिती ऑनलाइन येते, अर्ज ऑनलाइन, आणि जागा मोजक्या. पाड्यावर रेंज कुठल्या दगडावर उभं राहिल्यावर येते, हे ज्याला शोधावं लागतं तो या शर्यतीत आधीच मागे आहे. दुसरी अडचण, फी. ती स्वतःच्या खिशातून भरायची. तिसरी, राहणं. कोर्स होणार तो बहुतेक मुंबई-पुण्यासारख्या शहरात. सहा दिवस मुक्काम, जेवण, प्रवास, आणि त्या सहा दिवसांची बुडालेली मजुरी. शहरातला मुलगा रोज संध्याकाळी घरी जाऊन झोपतो, म्हणून त्याला ही अडचण दिसतसुद्धा नाही.

चौथी अडचण भाषेची, आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. घरात वारली, शाळेत मराठी, आणि कोर्सची पुस्तिका, व्हिडिओ, शब्द सगळे इंग्रजी. खेळ त्याला कळतो. मोकळी जागा कुठे आहे, पास कधी द्यायचा, हे तो पायाने दाखवू शकतो. पण परीक्षक त्याला सरावाचा आराखडा लिहायला सांगणार आणि वर्गासमोर समजावून सांगायला लावणार. तिथे तो गप्प बसला, तर निष्कर्ष काय निघतो? ‘आत्मविश्वास कमी आहे.’

समजा, हे सगळं करून डी मिळालं. वर चढायचं तर मधल्या काळात संघ शिकवल्याचा अनुभव हवा. अनुभव कुठे मिळतो? मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या टर्फवर चालणाऱ्या अकादम्यांत. तिथे सुरुवातीला मिळतो तो पगार नाही, मानधन. ज्याचं घर अंधेरीत किंवा ठाण्यात आहे त्याला ते चालतं, आईवडील सांभाळतात. मोखाड्याच्या पोराला खोलीचं भाडंही निघत नाही. शिवाय या जागांच्या जाहिराती निघत नाहीत. ‘आपल्यात एक पोरगा आहे, घे त्याला’ असं एकमेकांच्या ओळखीने जमतं. यात कुणी कुणाला आदिवासी म्हणून नाकारलं असं होत नाही. त्याचा नंबर कुणाच्या फोनमध्येच नसतो.

म्हणजे मोखाड्याची गळती ही पहिल्या प्रकारची आहे. उद्या भारतात रूनी नियम आणला आणि प्रत्येक आयएसएल क्लबला सांगितलं की मुलाखतीला एक आदिवासी उमेदवार बोलवा, तर महाराष्ट्रातून बोलवायला प्रो लायसन्सवाला माणूस सापडणं मुश्कील. मग क्लब म्हणणार, आम्ही तयार आहोत हो, पण लायक माणूसच मिळत नाही. हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं असेल, आणि तीच खरी अडचण आहे.

आरक्षण आहे की मग?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, तर इथेच बघून टाकू. सरकारी नोकरीत अनुसूचित जमातींना राज्यात ७ टक्के आरक्षण आहे, केंद्रात ७.५ टक्के. क्रीडा खात्यातले मार्गदर्शक, क्रीडा अधिकारी, साईचे कोच या जागा त्यात येतात. खासगी क्लब, अकादमी, लीग हे त्याच्या बाहेर. आणि व्यावसायिक फुटबॉलची जवळजवळ सगळी कामं तिथेच आहेत.

सरकारी जागांचंही सरळ नाही. मोखाडा-जव्हार अनुसूचित क्षेत्रात येतात. इथल्या शिक्षक, तलाठी, वनरक्षक अशा १७ संवर्गांतल्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायचं धोरण होतं. एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने आंध्र प्रदेशातलं शिक्षकभरतीतलं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं आणि त्यानंतर महाराष्ट्रातली पेसा भरतीही वादात अडकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयाच्या जाळीवर उडी मारली होती, आठवतंय? त्या आंदोलनातली एक मागणी हीच होती. निवड झालेल्यांना मग तात्पुरतं मानधनावर घ्यायचं ठरलं. २०२५ मध्ये आश्रमशाळांतली शिक्षकपदं बाह्यस्रोतातून, म्हणजे कंपनीमार्फत भरायचा निर्णय झाला आणि वर्षानुवर्षं रोजंदारीवर काम करणाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं.

याचा फुटबॉलशी संबंध काय? आश्रमशाळेतल्या पोराला भेटणारा पहिला कोच म्हणजे तिथला शिक्षक. तोच दर वर्षी बदलणार असेल, त्याची नोकरी पुढच्या जूनमध्ये राहील की नाही हे त्यालाच माहीत नसेल, तर तो पोराला चार वर्षं घडवणार कसा? आणि स्वतः लायसन्सचा खर्च कशाच्या भरवशावर करणार?

इथे कविता राऊत यांचं नाव घ्यायला हवं. मोखाड्याला लागूनच नाशिक जिल्ह्याचा हरसूल परिसर आहे, तिथल्या सावरपाड्याच्या त्या. ‘सावरपाडा एक्सप्रेस’. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी एशियाडमध्ये रौप्य, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. त्यांना घडवलं नाशिकमध्ये विजेंदर सिंग या कोचने. ते काही सावरपाड्याचे नव्हते, आणि त्यांनी नाशिक-सुरगाण्याकडच्या कितीतरी पोरी पळवल्या. तेव्हा बाहेरचा कोच वाईट, आपला तेवढा चांगला, असं इथे कुणीच म्हणत नाहीये.

पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कौतुक चालू असताना याच कविता राऊत जाहीरपणे बोलल्या. इतर खेळाडूंना राज्य सरकारने थेट अधिकारीपद दिलं, मला इतकी वर्षं का नाही? आदिवासी असल्यामुळे डावललं जातंय का? ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या बाईला हा प्रश्न विचारावा लागला. त्यांच्या मागे पळणाऱ्या, पदकापर्यंत न पोचलेल्या शेकडो पोरींनी खेळातच नोकरी मिळेल म्हणून थांबायचं कशाच्या आशेवर?

जिथे जमलंय तिथे काय केलं?

रांचीजवळच्या आदिवासी गावांत २००९ पासून ‘युवा’ नावाची संस्था मुलींना फुटबॉल खेळवते. तिथली पद्धत अशी, की खेळून मोठ्या झालेल्या मुली धाकट्यांच्या कोच होतात. २०१९ मध्ये या संस्थेला लॉरियस पुरस्कार मिळाला. आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी ‘स्लम सॉकर’ सुरू केलं. ‘झुंड’ मुळे ते सगळ्यांना माहीत झालं. सिनेमा पोरांच्या परदेशवारीवर संपतो, पण खरी गंमत त्यानंतर आहे. २०१० च्या होमलेस वर्ल्डकपमध्ये भारताचा कप्तान असलेला अखिलेश पॉल पुढे त्याच संस्थेत कोच झाला. वस्तीतल्या पोराला वस्तीतलाच कोच मिळाला.

दोन्हीकडे कोचिंग हे खेळ संपल्यावरचं काम मानलेलं नाही. सोळा-सतराव्या वर्षीच पोरांच्या हातात शिट्टी दिली जाते. त्यामुळे लायसन्सच्या कोर्सला जाईपर्यंत पोराने दोन-तीन वर्षं शिकवलेलं असतं आणि वर्गासमोर उभं राहून बोलायची त्याला भीती उरत नाही.

जव्हार-मोखाड्यात हे करायला वेगळं काही उभारावं लागत नाही. जव्हारला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे. आश्रमशाळा आहेत, त्यांच्या क्रीडास्पर्धा दर वर्षी होतात, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं. डी लायसन्सचा एक कोर्स मुंबईऐवजी जव्हारला घ्यायचा, मराठीतून घ्यायचा आणि फी खात्याने भरायची. २४ जणांना सहा दिवस मुंबईत ठेवण्यापेक्षा दोन प्रशिक्षकांना जव्हारला आणणं केव्हाही स्वस्त. राज्यातल्या फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते आणि ‘महादेवा’ मध्येही ती आहेच. तेव्हा हे कुणी करायचं, हा प्रश्न तसा सुटलेला आहे.

आणि एनएफएलचा तो हुशार नियम आठवतो ना? तसाच एक इथे जमू शकतो. ज्या अकादमीने आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रातला कोच पगारावर ठेवला आणि त्याला सी-बीपर्यंत चढवलं, तिला सरकारी मैदान स्वस्तात द्या. अकादमीवाल्यांचा सगळ्यांत मोठा खर्च मैदानाच्या भाड्याचा असतो. तो कमी होणार म्हटल्यावर मोखाड्याचा फोन नंबर त्यांना बरोबर सापडेल.

आता वानखेडेवरच्या त्या ६० पोरांचा हिशोब करा. आज ती १३ च्या आत आहेत. शिष्यवृत्ती पाच वर्षांची. म्हणजे ती संपेल तेव्हा त्यातली बरीच पोरं अठराच्या घरात असतील. त्यातली किती व्यावसायिक खेळाडू होतील? जगातल्या कुठल्याही अकादमीचा अनुभव सांगतो, थोडीच. बाकीच्यांनी काय करायचं, हे कुणी अजून सांगितलेलं नाही. पण ज्या वर्षी त्यांची शिष्यवृत्ती संपते, जवळजवळ त्याच वर्षी ती डी लायसन्सला पात्र होतात. त्या कोर्सची फी शिष्यवृत्तीच्या शेवटच्या हप्त्यात आजच धरायची की नाही, हे ठरवायला सरकारकडे अजून चार-पाच अर्थसंकल्प आहेत.